मेरिगल खाडीची सातवी साक्षीदार

नेरिडा मॅडर्नला खोटं बोलता येत नाही, हे मेरिगल खाडीच्या काठावर सगळ्यांना ठाऊक होतं. अग्निशमन दलाच्या जत्रेत तिच्याच केकचा तुकडा कुणी उचलला तर ती म्हणायची, "तो नका घेऊ, कोरडा झालाय." कालवं न्यायला शहरातून आलेल्या हॉटेलवाल्यांना ती तोंडावर सांगायची, "या आठवड्यात नको. वरून गोडं पाणी उतरलंय, कालवं पाणचट लागतील." तिचा दीर क्लेम कपाळावर हात मारून घ्यायचा. "नेरी, तुला दुकानात बसवलं तर आठ दिवसांत कुलूप लागेल."

तिचं माहेर खाडीच्या वरच्या अंगाला, दुधाच्या गाईंचं. बाविसाव्या वर्षी रस मॅडर्नशी लग्न करून ती खाली, खाऱ्या पाण्यावर आली. रसने तिला भरती-ओहोटी शिकवली, कालवांच्या टोपल्या कधी उलटायच्या ते शिकवलं, आणि बावन्नाव्या वर्षी एके दुपारी होडीतच छाती धरून बसला तो उठला नाही. मुलगी पर्थला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मागे उरले ती आणि क्लेम. दोघांनी मिळून कालवांची शेती चालू ठेवली. क्लेमने लग्न केलं नव्हतं. का, हे त्याला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "केलं असतं, पण भरतीची वेळ जुळली नाही."

त्या जुलैत नेरिडा एकसष्ट वर्षांची होती.

सकाळ अगदी साधी होती. थंडी, बारीक बुरबुर, वारा जवळजवळ नाहीच. त्यांच्या टोपल्यांच्या रांगा खाडीच्या तोंडाशी होत्या. तिथून वाळूचा दांडा आणि खडकाळ टोक यांच्यामधून उघडा समुद्र दिसायचा. त्या दिवशी समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सगळं एकाच राखाडी रंगाचं. क्लेम होडी चालवत होता, नेरिडा पुढे उभी राहून दोर आवरत होती. नौदलाची हेलिकॉप्टरं त्या भागात रोजचीच. ती आली-गेली तरी कुणी मान वर करायचं नाही.

त्या दिवशी तिने केली. का केली, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

हेलिकॉप्टर बरंच खाली होतं. ते डावीकडे कललं, आणखी कललं, आणि नाक पुढे घालून पाण्यात गेलं. पांढरं काहीतरी उसळलं आणि मग पुन्हा सगळं राखाडी.

"क्लेम," ती म्हणाली, "ते गेलं."

क्लेमने रेडिओवरून किनारा बचाव केंद्राला कळवलं. त्याने होडीचं तोंड समुद्राकडे वळवलंसुद्धा, पण खाडीच्या तोंडावर लाटा फुटत होत्या आणि त्यांची होडी सपाट तळाची. "नको," नेरिडा ओरडली. "आपणही जाऊ." तिथेच थांबून दोघं बघत राहिली. पाऊण तासाने एका मासेमारी बोटीने एक माणूस जिवंत उचलला. आत चौघे होते.

धक्क्यावर परत आली तेव्हा स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार आधीच येऊन उभी होती. नेरिडाच्या अंगावर कुणीतरी घोंगडी टाकली होती, हातात चहाचा कप होता.

"काय झालं नेमकं?"

"आधी आवाज बंद झाला," नेरिडा म्हणाली. "मग ते खाली गेलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापून आलं: इंजिन बंद पडलं, प्रत्यक्षदर्शीचं म्हणणं. मेरिगलमध्ये ते सगळ्यांना पटलं, कारण नेरिडा मॅडर्न खोटं बोलत नाही.

तीन दिवसांनी नौदलाकडून चौकशीसाठी कमांडर ओडेट व्हेला आली. चाळिशीची, ठेंगणी बाई, पायात स्वतःचे रबरी बूट घालून आलेली. ते बघून क्लेमचं तिच्याबद्दल लगेच चांगलं मत झालं. कालवं निवडायच्या शेडमध्ये टेबलाशी ती बसली आणि पिशवीतून हाताएवढं प्लास्टिकचं हेलिकॉप्टर काढून तिने नेरिडापुढे ठेवलं.

"मिसेस मॅडर्न, शब्द नंतर. आधी हाताने दाखवा."

नेरिडाने ते खेळणं उचललं. एवढ्या मोठ्या वयात हे करायचं तिला लाजिरवाणं वाटलं. तिने ते डावीकडे कलवलं, नाक खाली केलं, टेबलावर टेकवलं.

"पुन्हा."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना तिचा हात थबकला. आधी नाक खाली गेलं होतं की आधी कललं होतं? पहिल्या खेपेला तिला शंकाही आली नव्हती.

"थांबलात ते बरं केलंत," कमांडर म्हणाली. "आता सांगा. पाहिलं ते सांगा. वाटलं ते नको."

"हेलिकॉप्टर समुद्रात पडलं."

कमांडरने लिहिता लिहिता पेन उचललं. "पडलं नको लिहूया. पाण्यात गेलं असं लिहू?"

"का? पडलंच की ते!"

"पडलं म्हटलं की त्यात कारण आलं. हातातून सुटलेला दगड पडतो. हे पडलं, का नेलं गेलं, का चालवणाऱ्याला वाटत होतं आपण वर चाललोय आणि खाली गेलं, हे आज कुणालाच माहीत नाही. ते पाण्यात गेलं, एवढंच आपल्याला ठाऊक आहे."

बाजूला सुरी पुसत उभा असलेला क्लेम म्हणाला, "माझ्या बापाने आम्हाला असं बोलायला शिकवलं असतं तर शाळेत कमी मार खाल्ला असता. खिडकी मी फोडली नाही बाई, चेंडू काचेत गेला."

कमांडर हसली. नेरिडाला हसू आलं नाही. "आणि आवाज?" ती म्हणाली. "आधी आवाज बंद झाला. तेही वाटलंच का?"

"ते तुम्ही ऐकलंत. जसं ऐकलंत तसं लिहिते."

जाताना कमांडरने सांगितलं, की साक्षीदार नऊ आहेत. गोल्फच्या मैदानावर गवत कापणाऱ्याला ज्वाळा दिसल्या होत्या. लाटांवर खेळणाऱ्या एका पोरीला हेलिकॉप्टर वर चढताना दिसलं होतं. खडकावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याच्या मते ते उजवीकडे कललं. "यातलं कुणी खोटं बोलत नाहीये," कमांडर म्हणाली. नऊ माणसं आणि नऊ हेलिकॉप्टरं, नेरिडा मनात म्हणाली. कागदावर तिचं नाव नव्हतं. फक्त लिहिलं होतं: साक्षीदार ७.

ऑगस्टअखेर बर्निस हॅलोरन आली. तिचा मुलगा ईमन त्या हेलिकॉप्टरचा वैमानिक होता, एकोणतीस वर्षांचा. बर्निस आतल्या गव्हाच्या मुलखातली. तिकडे तिने जन्मभर शाळेची बस चालवली होती. उंच, हाडापेराने मजबूत बाई. पाच तास गाडी चालवून ती आली आणि शेडच्या दारातच उभी राहिली.

"तुम्हीच ना, ज्यांनी ऐकलं?"

"हो."

"इंजिन बंद पडल्याचं?"

"आवाज बंद झाला. मग ते खाली गेलं."

बर्निसने तिचे दोन्ही हात धरले. ओले, चिखलाने माखलेले हात. "लोक काय काय बोलतायत," ती म्हणाली. "वाचलेला पोरगा म्हणतो, आम्ही सरळ उडत होतो. इंजिनाचं काही बोलत नाही. क्लबात एकजण माझ्या देखत म्हणाला, पोरं मस्ती करत होती. तुमची बातमी कापून मी फ्रिजवर लावलीय. तुम्ही नसतात तर..."

ती गेल्यावर नेरिडाला बरं वाटलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं रस गेल्यापासून तिला फारसं वाटलं नव्हतं.

आणि मग सप्टेंबर संपता संपता, होडी उलटी घालून दोघं तळाचं शेवाळ खरवडत असताना क्लेम सहज बोलून गेला, "त्या दिवशी मी इंजिन बंद केलं नसतं ना, तर कदाचित लवकर वळवता आली असती होडी. पुन्हा चालू व्हायला किती वेळ लावला तिने."

नेरिडाचा हात थांबला. "कोणतं इंजिन?"

"होडीचं. तू 'अगं बाई' म्हणालीस ना, म्हणून मी बंद केलं. ऐकू यावं म्हणून."

"मी 'अगं बाई' म्हणाले? कधी?"

"ते कलायला लागलं तेव्हा."

"मी काहीच नाही म्हटलं. ते गेल्यावर मी तुला हाक मारली."

"दोन्ही केलंस."

"तू इंजिन बंद केलं नव्हतंस, क्लेम!"

"मग ते आपोआप बंद पडलं का? नेरी, चाळीस वर्षं मी ते इंजिन बंद करतोय. माझा हात मला माहीत आहे."

दोघांची अशी जुंपली, की पलीकडच्या धक्क्यावरचे पेलिकन उडून गेले. क्लेम म्हणत होता की तिला आठवत नाही. ती म्हणत होती की तो वर्तमानपत्र वाचून रचतोय. मग खरवडायची पट्टी हातात घेऊन ती पुन्हा बसली. तिने डोळे मिटून ती सकाळ आठवून पाहिली. आवाज बंद झाला. हो, झाला. स्वच्छ, सुरीने कापल्यासारखा. पण कशाचा?

चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने कमांडर व्हेलाला फोन केला.

"एक विचारायचं होतं. आमच्या होडीचं इंजिन चालू असताना तिकडचं हेलिकॉप्टर ऐकू येतं का?"

कमांडर म्हणाली, "माहीत नाही, मिसेस मॅडर्न. करून बघूया."

नोव्हेंबरच्या एका सकाळी त्यांनी करून पाहिलं. दुसरं हेलिकॉप्टर त्याच वाटेने, जास्त उंचीवरून उडणार होतं. तीच होडी, त्याच रांगा, क्लेम सुकाणूवर. कमांडर मध्ये बसली होती, मांडीवर आवाज मोजायचं यंत्र. आभाळ मात्र निळं होतं. ते कुणाच्या हातात नव्हतं.

हेलिकॉप्टर टोकाच्या मागून आलं. नेरिडाने कान टवकारले. होडीच्या इंजिनाची घरघर, तळावर आपटणारं पाणी. दुसरं काही नाही. हेलिकॉप्टर मुक्या माशीसारखं सरकत होतं.

"आता," कमांडर म्हणाली.

क्लेमने इंजिन बंद केलं. आवाज कापला गेला. अगदी तसाच. आणि मग, हळूहळू, लांबून, धप धप धप ऐकू यायला लागलं.

नेरिडाने होडीचा काठ धरला.

"इथून ते अडीच किलोमीटरवर आहे," कमांडर हलक्या आवाजात सांगत होती. "आवाजाला तुमच्यापर्यंत यायला सात सेकंद लागतात. ते पाण्यात गेल्यावरही सात सेकंद तुम्हाला ते ऐकू येत राहिलं असतं. डोळ्यांना जे दिसतं आणि कानांना जे ऐकू येतं ते एकाच क्षणाचं नसतं. डोकं ते दोन्ही उचलतं आणि एकाला एक जोडून टाकतं."

"म्हणजे मी खोटं बोलले."

"नाही."

"मग काय बोलले?"

क्लेम इंजिनाची दोरी ओढत होता, आणि ते नेहमीसारखं तिसऱ्या हिसक्याला चालू झालं.

तिने नवा जबाब दिला. त्यात तिचं वाक्य होतं: आवाज कशाचा बंद झाला ते मला माहीत नाही. सही करताना तिला वाटलं होतं, आता डोकं निवळेल. निवळलं नाही. तिला ठाऊक होतं की हेलिकॉप्टरचा आवाज त्या क्षणी बंद झालेला ऐकू येणंच शक्य नव्हतं. आणि रोज सकाळी त्या जागी पोचलं की ते हेलिकॉप्टर तिच्या डोक्यात पुन्हा गप्प व्हायचं आणि खाली जायचं. आपल्या स्वतःच्या लग्नातलं, रसच्या शेवटच्या दुपारचं जे आठवतं तेही असंच जोडलेलं असेल का, असा प्रश्न तिला पडायला लागला. रसने "नेरी" म्हणून हाक मारली होती, की तिने नंतर ती त्याच्या तोंडी घातली होती? विचारायला कुणी नव्हतं.

क्लेम म्हणाला, "त्या पोराच्या आईला फोनवर सांग."

"फोनवर नाही."

ती एकटी पाच तास गाडी चालवत गेली. बर्निसच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर ती बातमी होतीच, कोपरे पिवळे पडलेली. बर्निसने जर्दाळूचा जॅम लावलेले स्कोन, म्हणजे घरी भाजलेले छोटे पाव, पुढे ठेवले. नेरिडाने एकालाही हात न लावता सगळं सांगितलं. होडी, इंजिन, सात सेकंद.

बर्निस बराच वेळ टेबलावरचा कपडा सरळ करत राहिली. "त्या लोकांनी तुम्हाला असं बोलायला लावलं?"

"नाही. फोन मीच केला."

"मग तुम्हाला ऐकू आलं नव्हतं?"

"आलं होतं. अजून येतं. पण ते झालं नव्हतं."

"हे काय बोलणं झालं?" बर्निस उठून उभी राहिली. "ऐकू आलं पण झालं नाही! बाई, तुम्ही माझ्या घरात बसून माझ्या पोरावर खापर फोडताय, कळतंय का तुम्हाला? इंजिन चालू होतं म्हणजे त्यानेच पाण्यात घातलं, असंच ना?"

"ते मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत तरी काय आहे?"

नेरिडा टोपी घेऊन निघाली. वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबून तिने मांस भरलेली पेस्ट्री घेतली आणि ती तशीच मांडीवर ठेवून बसून राहिली. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आणि मग वाटलं, आत्ता जे सांगून आले ते तरी खरं कशावरून?

अहवाल यायला आणखी सव्वा वर्ष लागलं. दोनशे चाळीस पानांचा. क्लेमने तो शेडमध्ये चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतला आणि सहाव्या पानावर नेरिडाच्या हातात दिला. तो म्हणाला, "यात कुणी मेलेलंच दिसत नाही. 'हेलिकॉप्टरचा पाण्याशी संपर्क आला' म्हणे. मी रोज येतो पाण्याच्या संपर्कात."

नेरिडाने तो आठ दिवस पुरवून वाचला. समुद्रतळातून काढलेल्या नोंदयंत्राप्रमाणे दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत व्यवस्थित चालू होती. ज्वाळा म्हणजे शेपटाचा लाल दिवा. वळण घेताना हेलिकॉप्टर फार सावकाश कलत गेलं, इतकं सावकाश की आतल्या कुणाच्या शरीराला ते कळलंच नाही. बाहेर बघावं तर समुद्र आणि आभाळ एकच. कानाच्या आतलं पाणी, ज्याच्यावर माणूस तोल सांभाळतो, ते सांगत होतं की आपण सरळ आहोत. धोक्याची घंटा वाजली ती पाण्यात जायच्या आधी एक पूर्णांक आठ सेकंद. कलायला लागल्यापासून पाण्यात जाईपर्यंत एकूण अकरा सेकंद. त्याला त्यांनी शब्द वापरला होता दिशाभ्रम, आणि पुढे लिहिलं होतं की त्या परिस्थितीत कोणत्याही अनुभवी वैमानिकाच्या बाबतीत हे घडू शकलं असतं. तिच्याबद्दल दोन ओळी होत्या. साक्षीदार ७ ने स्वतःहून आपलं निवेदन दुरुस्त केलं.

त्याच आठवड्यात बर्निसचा फोन आला. सव्वा वर्षात पहिला.

"वाचलंत?"

"वाचलं."

"पान एकशे बारा. दिशाभ्रम. मी शब्दकोशात बघितलं, डॉक्टरला विचारलं. मला नाही कळत. तुम्ही सांगा."

"मला सांगता येईल असं नाही."

"तुमच्यासारखंच सांगा. वाकडंतिकडं."

नेरिडा शेडच्या पायरीवर बसली. "त्याच्या हिशोबाने तो सरळच उडत होता," ती सावकाश म्हणाली. "त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं, मी सरळ आहे. आणि ते खोटं नसतं. खरंही नसतं."

"मग त्याला भीती वाटली नसेल?"

हो म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"घंटा वाजल्यावरचं मला माहीत नाही, बर्निस. ते कुणीच लिहिलेलं नाही."

"हं." मग एकदम, "उद्या काय करताय तुम्ही?"

"कालवं निवडायचीत. मोठी एका बाजूला, बारकी परत पाण्यात."

"मी येऊ?"

ती आली. पहाटे निघून, सकाळी दहाच्या सुमाराला. क्लेमने तिला जाड हातमोजे दिले आणि निवडायचं कसं ते दाखवलं. तिला ते अजिबात जमलं नाही. अर्ध्या तासाने क्लेम म्हणाला, "बाई, तुम्ही बसमध्ये पोरं अशीच मोजायचात का? निम्मी रस्त्यातच राहत असतील." बर्निस म्हणाली, "निम्मी राहायच्याच लायकीची होती," आणि काम चालू ठेवलं. अहवालाचं नाव कुणी काढलं नाही.

दुपारी तिघं होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत गेली. वाऱ्याने पाणी खवळलं होतं. क्लेमने होडी टोपल्यांच्या दोराला बांधली. बर्निस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बाहेरच्या समुद्राकडे बघत होती.

"कुठे?" तिने विचारलं.

नेरिडाने बोट उचललं. खडकाच्या टोकाकडे नेलं, मग थोडं डावीकडे, मग पुन्हा मागे. इतक्या वेळा दाखवून झालं होतं, नकाशावर खूण होती, आणि तरीही समोरच्या पाण्यात तिला जागा सापडेना.

"साधारण तिकडे," ती म्हणाली. "नक्की नाही सांगता येत."

"असू दे," बर्निस म्हणाली, आणि ती दाखवत होती त्या सगळ्या पाण्याकडे बघत राहिली.